येग्दाच्या लेकराचं नाव

१८१८ साली व्हिएन्नातल्या आर्मेनियन मठाच्या छापखान्यात एक कोश छापून झाला. सर्बियन भाषेतले सव्वीस हजारांवर शब्द, शेजारी त्यांचे जर्मन आणि लॅटिन अर्थ. शब्द गोळा करणारा माणूस तिशीतला, शेतकऱ्याच्या घरचा, एका पायाने अधू. तोवर सर्बियन पुस्तकं चर्चच्या जुन्या, जड भाषेच्या वळणाने लिहिली जात. या माणसाने गुराख्यांच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आणि गाणी गात गावोगाव हिंडणाऱ्या आंधळ्यांच्या तोंडची भाषा उचलली आणि आहे तशी कोशात घातली. शिव्यासुद्धा गाळल्या नाहीत, त्यावरून मोठा गहजब झाला.

या कोशात 'वुक' असा एक शब्द आहे. पहिला अर्थ लांडगा. दुसरा अर्थ पुरुषाचं नाव. त्याखाली कोशकर्त्याने एक टिपण जोडलंय. एखाद्या बाईची मुलं जगत नसली की ती पुढच्या मुलाचं नाव वुक ठेवते. आपली मुलं चेटकिणी खातात, पण लांडग्याच्या वाटेला जायची त्यांची छाती होत नाही, अशी लोकांची समजूत. आणि मग तो सांगतो की माझं नावही याचसाठी असं ठेवलं.

कोशकर्त्याचं नाव वुक स्तेफानोविच कराजिच.

ही नोंद मला पहिल्यांदा समजली तेव्हा मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकले नाही. कोश म्हणजे अर्थ सांगून बाजूला होणारा ग्रंथ, अशी आपली सवय. इथे सव्वीस हजार शब्दांच्या गर्दीतून एक माणूस पुढे येतो, मी कसा जगलो ते एका वाक्यात सांगतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. त्या एका वाक्यामागे त्याची आई उभी आहे.

आईचं नाव येग्दा. वडील स्तेफान. घराणं मूळचं हर्झेगोविनाकडच्या द्रोब्न्याक डोंगराळ मुलखातलं, तिथून सरकत पश्चिम सर्बियात लोझनित्साजवळच्या त्रशिच गावात येऊन राहिलेलं. मुलूख तेव्हा ऑटोमन तुर्कांच्या अमलाखाली. १७८७ च्या नोव्हेंबरात हा मुलगा झाला. त्याच्या आधीची मुलं दगावली होती. ती किती होती, कशाने गेली, यापेक्षा मला येग्दाच्या मनातली ती घटका जास्त कळावीशी वाटते. पोटुशी असतानाच तिने ठरवलं असेल, की या खेपेला संताचं नाव नको, आजोबांचं नको, कुणाचंच नको. या खेपेला दात असलेलं नाव हवं.

चेटकिणीची भीती काय होती, तेही कराजिचनेच लिहून ठेवलंय. 'व्येश्तित्सा' या शब्दाखालचं त्याचं टिपण वाचताना आजही अंगावर काटा येतो. चेटकीण म्हणजे जिच्या अंगात सैतानी आत्मा आहे अशी बाई. ती झोपली की तो आत्मा बाहेर पडतो, फुलपाखराचं नाहीतर कोंबडीचं रूप घेतो आणि घराघरांतून उडत फिरतो. झोपलेल्या माणसाच्या डाव्या छातीवर ती काठीने मारते, छाती उघडते, ती काळीज काढून खाते आणि छाती पुन्हा मिटते. काळीज नसलेला माणूस लगेच मरतो किंवा काही दिवस जगतो. किती जगायचं हे तिने खाताना ठरवलेलं असतं. तिला सर्वांत जास्त आवडतात ती लहान मुलं. लसूण मात्र तिला चालत नाही, म्हणून ठरावीक दिवशी लोक छातीला, तळपायांना आणि काखेत लसूण चोळत.

सकाळी हसतं-खेळतं असलेलं मूल संध्याकाळी तापाने फणफणतं आणि दोन दिवसांत जातं. अंगावर जखम नाही, खूण नाही. छाती उघडून काळीज नेलं आणि पुन्हा मिटली, याहून नेमकं वर्णन त्या आईला कुठे मिळणार होतं? घटसर्प, गोवर, हगवण कशाने होतात हे ठाऊक नसलेल्या जगात लोकांनी आपल्या परीने लावलेला तो अर्थ होता. आणि शत्रू असा ठरला, की त्याच्यावर उपायही तसाच शोधला गेला.

आता लांडगाच का, हा प्रश्न. याचं उत्तर सर्बियातल्या डोंगरात आणि भाषेत दोन्हीकडे आहे.

भाषेचं आधी. सर्बियन-क्रोएशियनमध्ये वुक, रशियनमध्ये वोल्क, पोलिशमध्ये विल्क, चेकमध्ये तर स्वर पार गाळून नुसतं व्ल्क. लिथुआनियन त्याला व्हिल्कास म्हणतात. आणि संस्कृतात हाच शब्द 'वृक' होऊन बसलाय. भीमाला वृकोदर म्हणतात ते लांडग्यासारखी भूक म्हणून. मूळ एकच, हजारो वर्षांपूर्वी फुटलेलं. ऋग्वेदात अश्विनीकुमारांची स्तुती करताना एका लावी पक्षिणीला वृकाच्या तोंडातून सोडवल्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. पुढे जे सांगणार आहे त्यामुळे ती लावी मला राहून राहून आठवते.

स्लाव लोक ख्रिस्ती झाले तरी सर्बांनी आपली जुनी नावं सहजासहजी टाकली नाहीत. योव्हान, स्तेफान, निकोला ही चर्चची नावं आली, पण त्यांच्या शेजारी वुकची अख्खी आळी वसली. वुकान, वुकाशिन, वुकोसाव, वुकमिर, वुकोता, वुकोमान. मुलींना वुका, वुकोसावा, वुकित्सा. बल्गेरियात व्हल्को आणि व्हल्चो. त्यातून आडनावं निघाली: वुकोविच, वुचकोविच, वुकचेविच, सर्बियाचे राष्ट्राध्यक्ष वुचिच यांचं आडनावही त्याच घरचं. आपल्याकडे लांडगे आडनाव आहे, पण मुलाचं नाव लांडगा ठेवलेलं कुणी ऐकलं नसेल. आपल्या गोष्टींत लांडगा म्हणजे लबाड आणि मेंढरं पळवणारा. तिकडच्या मेंढपाळांचीही मेंढरं तो पळवतच होता, तरी पाळण्यात त्याचं नाव घ्यावंसं वाटण्याइतका त्यांना त्याचा भरवसा होता.

इतिहासात हे नाव लवकर दिसतं. अकराव्या शतकाच्या अखेरीस राश्का या जुन्या सर्बियन राज्याचा राज्यकर्ता वुकान बायझंटाइन सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोस याच्याशी झगडत होता. सम्राटाची मुलगी अ‍ॅना कोम्नेने हिने बापाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिला, त्यात हा वुकान ग्रीक वळणाने 'बोल्कानोस' होऊन येतो. चौदाव्या शतकात राजा वुकाशिन १३७१ मध्ये मारित्सा नदीकाठी तुर्कांशी लढताना मारला गेला. लोकगीतांचा लाडका नायक मार्को हा त्याचाच मुलगा.

मग येतो वुक ब्रांकोविच, आणि त्याच्याबद्दल मला थोडं थांबून बोलायचंय. १३८९ ची तुर्कांशी झालेली कोसोवोची लढाई सर्बांच्या मनात आजही ताजी आहे. राजा लाझार मारला गेला आणि जावई वुक ब्रांकोविचने दगा दिला, असं गाणी सांगतात. त्याचं नाव गद्दारीला समानार्थी झालं. कागदपत्रं मात्र वेगळं बोलतात. लढाईनंतर बाकीचे सरदार सुलतानापुढे वाकले तरी हा माणूस काही वर्षं वाकला नाही, अखेर तुर्कांनी त्याचा मुलूख हिसकावला आणि १३९७ मध्ये तो त्यांच्या कैदेत मेला. त्याला उघडपणे गद्दार ठरवणारा लिखित मजकूर येतो तो थेट १६०१ मध्ये, माव्रो ओर्बिनी या दुब्रोवनिकच्या भिक्षूच्या इतिहासात. दोनशे वर्षांनी लागलेला डाग, पण धुतला गेला नाही. गंमत वाटण्यापेक्षा मला याचं दुःख वाटतं, की ज्या गाण्यांत वुक ब्रांकोविचची बदनामी आहे ती गाणी खेडोपाडी ऐकून, लिहून, छापून जगापुढे आणली ती दुसऱ्या वुकने, म्हणजे कराजिचने.

एवढी बदनामी होऊनही आयांनी हे नाव सोडलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. एखाद्या गद्दाराचं नाव समाज मुलांना ठेवत नाही. वुकच्या बाबतीत तसं झालं नाही, कारण ते नाव कधीच सरदार-दरकदारांकडून खाली आलेलं नव्हतं. त्याच ब्रांकोविचचा पणतू वुक ग्रगुरेविच. ग्रगुर म्हणजे ज्याचे डोळे सुलतान मुराद दुसरा याने १४४१ मध्ये काढवले तो. त्याचा हा लेक. हंगेरीचा राजा मात्याश याच्या बाजूने तुर्कांशी लढत राहिला आणि १४८५ मध्ये वारला. लोकांनी त्याला आगीचा ड्रॅगन केलं, आणि जन्मतःच त्याच्या अंगावर लांडग्याचे केस होते असं गाण्यांत गुंफलं.

डोंगरातला लांडगा या सगळ्याच्या खाली आहे. सर्बियन लोकश्रद्धेत तो मेलेल्यांच्या जगाशी नातं असलेला प्राणी. नोव्हेंबरात, संत म्रता याच्या दिवसाच्या आगेमागे 'लांडग्याचे दिवस' पाळले जात. त्या दिवसांत बायका लोकर कातत नसत. घरातली कात्री मिटवून दोऱ्याने बांधून ठेवत, म्हणजे लांडग्याचा जबडाही मिटलेला राहील. त्याचं नाव उच्चारायला लोक कचरत; 'आम्ही लांडग्याबद्दल बोलायला आणि लांडगा दारात यायला' ही म्हण आजही बेलग्रेडच्या कॅफेत सर्रास ऐकू येते. आपल्याकडे वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, तसंच काहीसं.

आणि मूल जन्मलं की काही भागांत घरातलं कुणीतरी बाहेर येऊन मोठ्याने ओरडत असे: लांडगिणीला लांडगा झाला, साऱ्या जगाला कळू द्या, बाळाला आरोग्य लाभू द्या! बाळंतीण आतमध्ये रक्ताने माखलेली, थकलेली, आणि बाहेर तिला लांडगीण म्हणून पुकारलं जातंय. ऐकणारे शेजारीपाजारी होतेच, पण निरोप मुख्यतः अंधारात टपून बसलेल्यांना होता.

याहून विलक्षण प्रथा 'लांडग्याच्या जबड्या'ची. शिकाऱ्यांनी लांडगा मारला की त्याच्या तोंडाभोवतीची कातडी कडं धरून कापून घ्यायची, ताणून वाळवायची. केसांची, खरखरीत, आक्रसलेली ती चकती घरात जपून ठेवली जायची, आणि मूल आजारी पडलं किंवा जगेल की नाही अशी धास्ती वाटली की त्याला तिच्यातून आरपार काढायचं. डोकं आधी, मग खांदे, मग पाय. लांडग्याने गिळलं आणि पुन्हा जन्माला घातलं. आता ते त्याचंच. इथे मला ती ऋग्वेदातली लावी आठवते, वृकाच्या तोंडातून सुटलेली. दोन्हींत नातं आहे असा माझा दावा नाही. पण जबड्यातून बाहेर आलेल्या जिवाला मरण पुन्हा शिवत नाही, अशी आशा माणसाला वेगवेगळ्या ठिकाणी सुचली, एवढं खरं.

मी सातारा जिल्ह्यातल्या ज्या घरात वाढले, तिथे माझ्या पणजोबांचं नाव केरबा होतं. आजी सांगायची, की त्यांच्या आधीची भावंडं पाचवीसुद्धा न पाहता गेली होती. म्हणून हे जन्मले तेव्हा सुइणीने त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, आणि चुलत घरच्या बाईने केरात सापडलं म्हणून उचलून आणून आईच्या पदरात टाकलं. आईने तिला मूठभर कोंडा देऊन ते विकत घेतलं. आपल्याकडच्या दगडू, धोंडू, केरू, कचरू, कोंडिबा, भिकाजी या नावांमागे अशाच बाया उभ्या आहेत. मुलग्याचं नाक टोचून त्याला नथू म्हणायचं, म्हणजे न्यायला आलेल्याला ती मुलगी वाटावी, हीही तीच युक्ती.

सर्बियातही ही दुसरी तऱ्हा होतीच. प्रोदान म्हणजे विकलेला, नायदान म्हणजे सापडलेला. ग्वोझदेन लोखंडाचा, झिव्को जिवंत, ओस्तोया राहिलेला, टिकलेला. स्तांको म्हणजे थांब, आता मरणं थांबू दे. आपण मराठी माणसं बहुधा मूल फालतू आहे, टाकाऊ आहे असं भासवून मृत्यूची नजर चुकवतो. वुक ठेवणारी आई नजर चुकवत नाही, ती दात दाखवते. आपल्याकडेही लहान मुलांच्या गळ्यात वाघनख घालतातच, पण ते गळ्यात. तिकडे ते थेट नावात गेलं.

मुलींच्या वाट्याला मात्र दोन्हीकडे तेच आलं. तिकडे स्ताना, स्तानिया आणि दोस्ता. दोस्ता म्हणजे पुरे. इकडे नकोशा. २०११ मध्ये साताऱ्यात २८५ नकोशांना समारंभाने नवी नावं दिली गेली, तेव्हा टीव्हीवर त्या मुलींचे चेहरे बघताना मला पहिल्यांदा वाटलं, की नाव हे किती उघडं पत्र असतं. वुक या पत्रात निदान प्रेम लिहिलेलं आहे.

कराजिचचं पुढचं आयुष्य या नावाखाली गेलं आणि नाव त्याच्या पुढे पुढे धावलं. १८०४ चा सर्बांचा तुर्कांविरुद्धचा उठाव, त्यात लिखापढीची कामं, मग आजाराने पाय आखडला आणि आयुष्यभर कुबडी. १८१३ मध्ये उठाव चिरडला गेल्यावर तो व्हिएन्नाला पळाला. तिथे स्लोव्हेन भाषापंडित येर्नेय कोपितार याने त्याला हेरलं आणि लिहितं केलं. १८१४ मध्ये पहिलं व्याकरण आणि लोकगीतांचा पहिला संग्रह, १८१८ मध्ये कोश. बोलतोस तसं लिही, लिहिलंय तसं वाच, हे त्याचं सूत्र. एका ध्वनीला एक अक्षर, एकूण तीस. आज सर्बियन भाषा लिहायला सोपी आहे ती या माणसामुळे.

त्या कोशाच्या मुखपृष्ठावर एक फार देखणी गोष्ट आहे. सर्बियनमध्ये लेखकाचं नाव वुक स्तेफानोविच. जर्मन शीर्षकात तेच 'वोल्फ स्टेफानझोन' होतं, आणि लॅटिनमध्ये लुपुस, स्तेफानचा मुलगा. येग्दाने एका खेड्यात चेटकिणींसाठी उच्चारलेलं नाव युरोपच्या पंडितांपुढे तीन भाषांत आलं. याकोब ग्रिमने त्याचं व्याकरण जर्मनमध्ये आणलं, ग्योटेने १८२३ मध्ये वायमारला त्याला घरी बोलावलं.

घरात मात्र काय झालं ते सांगितल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. १८१८ मध्येच त्याने व्हिएन्नाच्या आना क्राउसशी लग्न केलं. त्यांना तेरा मुलं झाली. बहुतेक लहानपणी किंवा ऐन तरुणपणी गेली. त्याच्यामागे उरली ती दोघंच, मीना आणि दिमित्रिये. मीना चित्रकार झाली, बापाने जमवलेल्या लोककथा तिने जर्मनमध्ये नेल्या. आईने आपल्याला वाचवण्यासाठी काय केलं हे स्वतः कोशात लिहून ठेवलेला माणूस मुलांच्या शवपेट्या एकामागून एक उचलत राहिला. तो शिकलेला होता, चेटकिणींवर त्याचा विश्वास नव्हता, पण शिक्षणाने त्याच्या मुलांचा ताप उतरला नाही.

१८६४ मध्ये तो व्हिएन्नात वारला आणि सेंट मार्क्सच्या दफनभूमीत त्याला पुरलं. तिथेच १७९१ मध्ये मोत्सार्टला पुरलं होतं, ज्याच्या वोल्फगांग या नावातही लांडगाच आहे. १८९७ मध्ये कराजिचचे अवशेष बेलग्रेडला नेऊन मुख्य चर्चच्या दारात, सर्बियन लेखक दोसितेय ओब्रादोविचच्या शेजारी ठेवले. त्याची लेखनपद्धत सर्बियाने अधिकृतपणे स्वीकारली ती १८६८ मध्ये, तो गेल्यावर चार वर्षांनी. आज दहा दिनारच्या नोटेवर तो आहे, भरघोस मिशांसह.

गेल्या शतकाच्या शेवटी युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा लांडगा पुन्हा बाहेर काढला गेला. काही लढाऊ तुकड्यांनी त्याचं नाव घेतलं, बिल्ल्यांवर त्याचं तोंड आलं. तेव्हापासून बाहेरच्यांना वुक हे नाव ऐकलं की रक्ताची, मर्दुमकीची आठवण येते आणि काही सर्बांनाही ती हवीहवीशी वाटते. मला याचा राग येतो. ज्या बायकांनी हे नाव शतकानुशतकं जिवंत ठेवलं त्यांना कुणावर तुटून पडायचं नव्हतं. त्यांना फक्त पाळण्यातलं मूल सकाळी उठलेलं बघायचं होतं.

आज सर्बियात तान्ह्या मुलांचा मृत्युदर हजारी पाचच्या आसपास आहे, आणि वुक हे मुलग्यांच्या लोकप्रिय नावांत वरच्या रांगेत आहे. आठवीपर्यंत उत्तम गुण टिकवणाऱ्या मुलांना 'वुकची पदविका' मिळते, त्यांना वुकोवात्स म्हणतात, म्हणजे मुलींच्या हातातही आता हे नाव येतं. १९३३ पासून त्रशिचला त्याच्या स्मरणार्थ मेळा भरतो. तुर्कांनी जाळलेल्या घराच्या जागी तसंच लाकडी घर उभं केलंय. तिथे लिपीवर भाषणं होतात, होऊ देत. पण १८१८ च्या कोशातली 'वुक' ही नोंदही तिथे दरवर्षी मोठ्याने वाचली जावी असं मला फार वाटतं. परदेशात गेलेल्या एखाद्या वुकला कुणी विचारलंच, की इतकं हिंस्र नाव आईने का ठेवलं, तर त्याला ते पान तोंडपाठ असायला हवं.